आत्याला बंदूक घेण्याआधी

शेजारच्या बंगल्यात चोरी झाली, त्याच्या तिसऱ्या दिवशी आत्याचा फोन आला. "यांची दुनळी परत आणायची आहे. काय कागद लागतात ते तू बघ." यांची म्हणजे काकांची, आणि दुनळी म्हणजे दोन नळ्यांची बंदूक. आत्या ७१ वर्षांची, पुण्यात सहकारनगरातल्या जुन्या बंगल्यात एकटी राहते, आणि दिवाळीतल्या टिकल्यांच्या पिस्तुलापलीकडे तिने आयुष्यात काही उडवलेलं नाही. आतेभाऊ ह्यूस्टनला. त्याने त्याच रात्री मला पाच-सहा व्हिडिओ पाठवले. टेक्सासमध्ये २०२१ पासून २१ वर्षांवरच्या बहुतेकांना परवान्याशिवायही पिस्तूल जवळ बाळगता येतं, त्यामुळे त्याच्यापुढे प्रश्न एकच, कोणतं मॉडेल? आपल्याकडे मॉडेलचा नंबर सगळ्यात शेवटी लागतो. दोन महिन्यांत मी वहीत जे टिपत गेलो ते इथे उतरवतो आहे. कुणाच्या घरी असा फोन आला तर उपयोगी पडेल.

पहिली नोंद बंदुकीची नाहीच. नेमकी भीती कशाची, ते माणसाला बोलतं करायचं. शेजारी चोर आला तो घरात कुणी नसताना, मागच्या बाजूची जाळी उचकटून. अशा चोराच्या हाती घरातली बंदूक पडली तर त्याचं घबाडच. म्हणून आधी मागचं दार, खिडक्यांचे गज, परसातला दिवा, शेजाऱ्यांकडे वाजेल अशी घंटा, आणि आत्याच्या फोनवर ११२ हा नंबर एका बोटाने लागेल अशी सोय. यात एक आठवडा गेला. शिरूर-जुन्नरकडे शेतावर राहणाऱ्यांची भीती वेगळी असते, उसातल्या बिबट्याची. तिथे बंदुकीआधी वनविभागाचा १९२६ हा नंबर भिंतीवर लिहावा.

एवढं करूनही आत्या म्हणाली, "ते सगळं ठीक. दुनळीचं बघ." मग मी दुसऱ्या नोंदीवर आलो. ही सगळ्यात मोठी आहे आणि लोक नेमकी हीच गाळतात. बंदूक नव्हे, माणूस तपासायचा.

काकांची बारा बोअरची (बोअर म्हणजे नळीच्या आतलं माप) दुनळी दस्त्यापासून नळीच्या टोकापर्यंत पावणेचार फूट, वजन तीन किलोच्या आसपास. मी पडद्याची एक जुनी दांडी त्या मापाची कापली आणि आत्याला म्हटलं, दिवे बंद करून झोपायच्या खोलीतून मागच्या दारापर्यंत ही घेऊन चल. पहिल्याच वळणावर देवघरातली समई आडवी झाली. दुसऱ्या फेरीत दांडी दाराच्या चौकटीत अडकली. आत्या हसली, पण तिलाही ते कळलं. मग तीन किलो तांदळाची पिशवी दोन्ही हातांनी खांद्याच्या उंचीवर धरायला दिली. वीस आकडे मोजेपर्यंत हात खाली आले.

डोळे: मोतीबिंदू काढलेला आहे, पण चष्मा रात्री कुठे असतो? तिचा कपाटावर असायचा. कान: श्रवणयंत्र झोपताना काढतात, म्हणजे खुडबुड ऐकू येणार आहे का, हाच मुळात प्रश्न. शिवाय बंद खोलीत बारा बोअर उडाली तर जे काही ऐकू येतं तेही जाण्याची भीती. खांदा: दुनळीचा धक्का चांगलाच बसतो आणि हाडं ठिसूळ असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये. पेसमेकर असेल तर तो बहुधा डाव्या गळपट्टीच्या हाडाखाली असतो. त्या बाजूला दस्ता टेकवायचा नाही. झोपेची गोळी: आत्या अर्धी घेते. रात्री दोन वाजता तिला उठवलं तर पुरतं भान यायला किती वेळ लागतो, हे मी खरंच एकदा तिकडे मुक्कामाला राहून पाहिलं. चांगली पाच मिनिटं ती मला काकाच समजत होती.

आणि मन. हे विचारायला जीभ रेटत नाही, पण विचारावंच लागतं. काका गेल्याला तीन वर्षं झाली. चहा घेता घेता मी सरळ विचारलं, "आत्या, कधी नको नको ते मनात येतं का?" ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "पहिल्या वर्षी यायचं." आता येत नाही म्हणाली. ही नोंद मी वहीत लाल पेनाने केली. अर्जासोबत डॉक्टरांचा शारीरिक आणि मानसिक आरोग्याचा दाखला लागतोच, पण डॉक्टरांच्या सहीआधी घरच्यांनी हा प्रश्न विचारलेला असावा. स्मृती दगा देऊ लागली असेल, तर यादी इथेच मिटवावी.

आता हत्यार. नवख्या माणसासाठी दुनळीची एक गोष्ट मला आवडते. ती मधून दुमडून उघडली की नळीत काडतूस आहे की नाही ते डोळ्यांनी दिसतं, अंदाज करावा लागत नाही. पण जुन्या दुनळीला बाहेरून घोडे, म्हणजे बार उडवणारे खटके, असतात. चढवलेला घोडा अलगद उतरवणं ही सवयीच्या अंगठ्याची कामगिरी, संधिवाताच्या नव्हे. काकांची तशीच आहे. दस्ताही त्यांच्या हाताच्या मापाचा, आत्याला चांगला दोन बोटं लांब. "छर्रे पसरतात, नेम धरावा लागत नाही" ही समजूत तर पहिली खोडून टाकावी. खोलीतल्या अंतरावर छर्ऱ्यांचा घोस जेमतेम मुठीएवढा पसरतो. नेम धरावाच लागतो, आणि चुकला तर पलीकडे खिडकी आहे आणि खिडकीपलीकडे दुसऱ्या सोसायटीचा जिना. काडतुसांचा मात्र पुण्याशी जुना संबंध. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ पासूनचा, आणि बारा बोअरची काडतुसं तिथे बनत आली आहेत. काका ते मोठ्या अभिमानाने सांगायचे.

आतेभावाचा आग्रह रिव्हॉल्व्हरचा. नऊ एमएम वगैरे जे तो दाखवतो ते आपल्याकडे निषिद्ध बोअरमध्ये जातं, सामान्य नागरिकाला मिळत नाही. मिळतं ते .३२. कानपूरच्या सरकारी कारखान्याने २०१४ साली 'निर्भीक' नावाचं अर्ध्या किलोचं .३२ रिव्हॉल्व्हर महिलांसाठी म्हणून आणलं. पर्समध्ये मावतं हे खरं, पण हत्यार जितकं हलकं तितका हाताला झटका जास्त, आणि आखूड नळीने नेम साधायला सराव जास्त. शिवाय घोडा न चढवता चाप ओढायला जो जोर लागतो तो आत्याच्या तर्जनीत नाही. पिस्तुलाची स्लाइड, म्हणजे वरचा सरकता भाग, मागे खेचणं तर सोडूनच द्या. लोणच्याची बरणी ती कामवालीकडून उघडून घेते. छऱ्याच्या एअरगनने चोर थांबत नाही, पण अंधारात त्याला ती खरी वाटते आणि तो बिथरतो. ती नकोच.

कागदांचं थोडक्यात. शस्त्र कायदा १९५९ चा, नियम २०१६ चे. पुणे शहरात परवाना पोलीस आयुक्त देतात, पिंपरी-चिंचवडला २०१८ पासून वेगळं आयुक्तालय आहे, ग्रामीण भागात जिल्हाधिकारी. अर्ज ऑनलाइन भरायचा, मग शस्त्र हाताळणीच्या प्रशिक्षणाचा दाखला, पोलीस चौकशी, शस्त्र सुरक्षित ठेवण्याची हमी. वीस इंचांहून आखूड नसलेल्या गुळगुळीत नळीची बंदूक संरक्षणासाठी मागितली तर कायदा जरा सैल आहे. रिव्हॉल्व्हरसाठी सबळ कारण पटवून द्यावं लागतं. काका गेल्यावर दुनळी शस्त्रविक्रेत्याकडे जमा केली होती, ते बरं केलं. परवानाधारकाबरोबर त्याचा परवानाही संपतो, आणि बंदूक नुसती माळ्यावर राहिली तरी तो गुन्हा होतो. वारस म्हणून आत्याला अर्ज करता येतो. मजा अशी की हेच नियम वयाची सत्तरी गाठलेल्या परवानाधारकाला आपलं शस्त्र वारसाच्या नावे करून द्यायची मुभा देतात. कायद्याच्या लेखी जे वय बंदूक खाली ठेवायचं, त्या वयात आत्या ती उचलायला निघाली आहे. हे तिला सांगितलं तर म्हणाली, "कायद्याला म्हणावं, इथे येऊन राहा रात्री."

परवाना पाच वर्षांचा असतो, म्हणजे नूतनीकरणाला ती ७६ ची असेल. आणि तो तिच्या एकटीचा. मी भाचा म्हणून बंदूक हातात घेऊन फिरू शकत नाही. दुरुस्तीला किंवा नूतनीकरणाला न्यायची तरी तिचं लेखी अधिकारपत्र लागतं. निवडणूक आली की ज्यांना नोटीस येते त्यांना शस्त्र ठाण्यात जमा करावं लागतं. त्या काळात चोरांना सुट्टी नसते.

ठेवायची कुठे, यावर आमचं सगळ्यात जास्त वाजलं. आत्याचं म्हणणं, गादीखाली. माझं म्हणणं, भिंतीत पक्कं केलेलं लोखंडी कपाट, काडतुसं वेगळ्या कुलपात, आणि दोन्ही किल्ल्या तिच्याखेरीज कुणालाही ठाऊक नसाव्यात, अगदी मलाही. मे महिन्यात ह्यूस्टनची नातवंडं येतात, एक नऊ वर्षांचा, एक सहाची. "मग चोर आल्यावर मी दोन कुलपं उघडत बसू?" हा तिचा प्रश्न अगदी बरोबर आहे आणि माझ्याकडे त्याला उत्तर नाही. मी तो वहीत तसाच लिहून ठेवलाय.

गोळी कधी झाडता येते, हे एखाद्या वकिलाकडून तासभर बसून समजून घ्यावं. भारतीय न्याय संहितेत कलम ३४ ते ४४ खासगी बचावाची आहेत. सूर्यास्त ते सूर्योदय या वेळात घर फोडून कुणी आत शिरत असेल, तर बचावाचा हक्क प्राण घेण्यापर्यंत जाऊ शकतो, पण गरजेपेक्षा जास्त इजा केलेली चालत नाही. परसातून सायकल घेऊन पळणाऱ्याच्या पाठीवर छर्रे झाडले तर आरोपी आत्याच. वकीलबाईंनी हे सांगितलं तेव्हा आत्याने एकच विचारलं, "तो आपल्या दूधवाल्याचा मुलगा निघाला तर?"

बुधवारी परसाची नवी जाळी आणि आतून लोखंडी आडणा बसतोय, झोपायच्या खोलीच्या दारालाही तसाच दुसरा. दारामागे फोन, चष्मा आणि श्रवणयंत्र ठेवायला छोटं फळकूट ठोकून घेतलंय. वारसाचा अर्ज निम्मा भरून झालाय, आतेभावाच्या ना-हरकतीच्या जागी आत्याने पेन्सिलीने लिहिलंय, "डिसेंबरात येईल तेव्हा बघू."