क्रूझवर पोर्टला उतरताना टूर जहाजाची घ्यायची की आपली आपण करायची?

क्रूझचं बुकिंग झालं की कंपनीचे मेल सुरू होतात, या पोर्टला ही टूर घ्या, त्या पोर्टला ती, जागा भरत आल्यात, आणि बरेच जण घाबरून सगळ्या पोर्टच्या टूर एकदम घेऊन टाकतात. काहींना उलटं कुणीतरी सांगितलेलं असतं की जहाजाच्या टूर महाग असतात, अजिबात घेऊ नका, मग ते एकही घेत नाहीत. मला दोन्ही पटत नाही. हे एकेका पोर्टचं वेगळं ठरवायचं असतं आणि ठरवताना आधी विचारायचं की तिथून परत यायला किती वेळ लागतो आणि उशीर झाला तर आपल्यासाठी कोण थांबणार. पैशांचा हिशोब त्यानंतर.

मुख्य फरक हाच आहे. जहाजाच्या टूरची बस ट्रॅफिकमध्ये अडकली तर जहाज थांबतं, आणि थांबणं शक्यच नसेल तर पुढच्या पोर्टला पोहोचवायची सोय कंपनी करते. स्वतः ठरवलेल्या टूरला ही हमी नसते, वेळ झाली की जहाज निघतं. 2024 च्या मार्चमध्ये आफ्रिकेजवळच्या साओ टोमे बेटावर 8 प्रवासी खाजगी टूरवरून उशिरा आले, जहाज अजून समोर नांगर टाकून उभं होतं, तिथल्या कोस्ट गार्डच्या बोटीने त्यांना जहाजापर्यंत नेलंसुद्धा, तरी वर घेतलं नाही. मग ते स्वतःच्या खर्चाने पुढे गांबियाला जहाज पकडायला निघाले तर ओहोटीमुळे जहाज तिथे लागलंच नाही आणि थेट सेनेगल गाठावं लागलं. असं रोज होत नाही, पण झालं तर काय होतं ते माहीत असावं.

आता अंतर बघा, कारण ब्रोशरमध्ये 'रोम' लिहिलेलं असतं आणि जहाज लागतं चिविताव्हेकियाला, तिथून रोम साधारण 80 किलोमीटर. 'फ्लॉरेन्स' म्हणजे लिव्होर्नो, तेही तितकंच लांब. 'पॅरिस' म्हणजे ल हाव्र, जवळपास 200 किलोमीटर, आणि 'बर्लिन' म्हणजे वार्नेम्युंडे, एका बाजूचाच प्रवास तीन तासांच्या आसपास. पॅरिस आणि बर्लिनसाठी मी डोळे झाकून जहाजाची टूर घ्या म्हणेन, सहा तास रस्त्यात जाणार असतील तर तिथे धोका घेऊन काही मिळत नाही. रोमला मात्र ट्रेन आहे, तासाभराच्या आसपास लागतो, सवय असेल तर जमतं, फक्त संपाची तारीख आधी बघून ठेवा, इटलीत रेल्वेचे संप आधी जाहीर होतात. आणि व्हॅटिकन म्युझियम महिन्याचा शेवटचा रविवार सोडला तर रविवारी बंद असतं, हे न बघता रविवारी रोमला उतरणारे लोक मी पाहिलेत, फार वाईट वाटतं.

याच्या उलट काही पोर्टला टूर लागतच नाही. मॉन्टेनेग्रोतल्या कोटोरला जुन्या गावाची भिंत जहाजासमोरच असते. माल्टाच्या व्हॅलेटाला धक्क्यापासून थोडं चाललं की लिफ्ट आहे, ती थेट वर बराक्का गार्डन्समध्ये सोडते आणि शहर तिथूनच सुरू होतं. पिरेयसहून अथेन्सला मेट्रो जाते, फक्त अ‍ॅक्रोपोलिसचं तिकीट आता ठरावीक वेळेचं असतं ते आधी ऑनलाइन काढा. अशा ठिकाणी बसमध्ये चाळीस माणसांबरोबर बसून सगळे चढेपर्यंत वाट बघण्यात दिवस घालवू नका.

टेंडर पोर्ट हा वेगळाच विषय आहे आणि इथे लोक सगळ्यात जास्त फसतात. टेंडर म्हणजे जहाज धक्क्याला न लागता समुद्रात उभं राहतं आणि छोट्या बोटींनी किनाऱ्यावर नेतात. जहाजाच्या टूरवाल्यांना आधी उतरवतात, बाकीच्यांना नंबर घेऊन थांबावं लागतं, म्हणजे 8 ला पोहोचलेल्या जहाजातून तुम्ही 10 ला उतरलात असंही होतं. सँटोरिनीचंच बघा. जहाजाच्या टूरवाल्यांना सहसा अथिनिओस बंदरावर उतरवून बसने वर नेतात, बाकीच्यांना फिरा या मुख्य गावाच्या खाली जुन्या बंदरात सोडतात, तिथून वर जायला केबल कार, गाढव किंवा जवळपास 600 पायऱ्या. वर जाताना रांग असतेच, पण खरा त्रास परत येताना होतो, कारण तीन-चार जहाजांची माणसं एकाच वेळी खाली उतरायला उभी असतात. तिथे स्वतः फिरणार असाल तर केबल कारच्या रांगेसाठी वेगळा दीड तास धरा, आणि शेवटची टेंडर बोट जहाज सुटायच्या बऱ्याच आधी असते हे विसरू नका.

खाजगी टूर ठरवलीच तर ऑपरेटरला मेलमध्ये हे सगळं लिहून विचारा आणि उत्तरही लेखीच घ्या: जहाज पोर्टला लागलंच नाही तर पूर्ण पैसे परत मिळणार का, भाडं माणशी आहे की गाडीचं, प्रवेशाची तिकिटं धरलीत का, भेटायचं नक्की कुठे (बऱ्याच ठिकाणी खाजगी गाडीला गेटच्या आत येऊ देत नाहीत), आणि परत किती वाजता सोडणार. पहिला प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. वारा, लाटा यामुळे पोर्ट रद्द होणं अगदी कॉमन आहे, जहाजाच्या टूरचे पैसे अशा वेळी आपोआप परत येतात, बाहेरच्या टूरला 24 तास आधी कॅन्सल करायचा नियम असेल तर सकाळी सातला कॅप्टनने घोषणा केल्यावर तुमच्या हातात काहीच उरत नाही. म्हणून मी ज्यांची 'जहाज नाही आलं तर पैसे नकोत' अशी अट असते किंवा जे टूर संपल्यावर पैसे घेतात त्यांनाच पसंती देते.

पैशाचं म्हणाल तर दोघं असाल तर फरक कमी पडतो, पण पाच-सहा जण मिळून एक व्हॅन केली की खर्च बराच खाली येतो, आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे वेळ आपला राहतो. जहाजाच्या एका टूरवर आमचा पाऊण तास कुठल्याशा दुकानात गेला आणि ज्यासाठी गेलो होतो तिथे जेमतेम तीस मिनिटं मिळाली, ते अजून मनात आहे. एक लक्षात घ्या, जहाजाची टूरसुद्धा चालवतो स्थानिक ऑपरेटरच, आणि काही झालं तर तो स्वतंत्र कंत्राटदार आहे, जबाबदारी कंपनीची नाही असं क्रूझच्या तिकिटाच्या अटींमध्ये लिहिलेलं असतं. तेव्हा इन्शुरन्स दोन्हीकडे लागतोच, आणि डायव्हिंग, स्कूटर वगैरे करणार असाल तर ते पॉलिसीत धरलंय का ते वाचून घ्या.

मधला एक मार्ग आहे जो फार जणांना माहीत नसतो. बऱ्याच कंपन्या फक्त जाण्यायेण्याची बस विकतात, म्हणजे सकाळी शहरात सोडतात, दिवसभर तुम्ही तुमचे फिरा, ठरलेल्या वेळी बसपाशी या. ती जहाजाचीच टूर असल्यामुळे परतीच्या रस्त्यात बस अडकली तरी हमी लागू असते. रोम, फ्लॉरेन्ससाठी मला हाच पर्याय सगळ्यात आवडतो.

व्हिसा आधीच तपासा, टूर बुक केल्यावर नाही. काही देशांत फक्त जहाजाच्या टूरबरोबर व्हिसाशिवाय उतरू देतात आणि एकटं फिरायचं तर व्हिसा मागतात. शेंगेनमधून (एकाच व्हिसावर फिरता येणारे युरोपातले देश) निघून टर्कीला जाऊन परत शेंगेनमध्ये येणारी क्रूझ असेल तर मल्टिपल एंट्री, म्हणजे पुन्हा आत येऊ देणारा व्हिसा लागतो. अलास्कात स्कॅगवेहून युकॉनकडे जाणाऱ्या टूर कॅनडाची हद्द ओलांडतात, पासपोर्ट केबिनमध्ये राहिला तर दिवस गेला.

त्या दिवशी सकाळी घड्याळाकडे लक्ष द्या. जहाजाची वेळ आणि गावाची वेळ एकच असेल असं नाही. मेक्सिकोतल्या कोझुमेलचं घड्याळ वर्षभर बदलत नाही, मायामीचं उन्हाळ्यात तासभर पुढे असतं, आणि जहाज मायामीच्याच वेळेवर चालत असेल तर गावात तीन वाजलेले असताना जहाजावर चार वाजलेले असतात. फोन आपोआप गावाची वेळ दाखवतो आणि घोळ होतो. साधं मनगटी घड्याळ जहाजाच्या वेळेला लावून ठेवा. जहाज 8 ला लागणार म्हणजे 8 ला उतरता येतं असंही नाही, तिथल्या अधिकाऱ्यांची परवानगी येईपर्यंत वेळ जातो, म्हणून खाजगी गाडी एक तास नंतरची सांगा. आणि वेळ मोजायची ती जहाज सुटायच्या वेळेपासून नाही तर 'ऑल अबोर्ड'पासून, म्हणजे सगळ्यांनी जहाजावर परत असायची शेवटची वेळ, ती बहुतेक वेळा अर्धा ते एक तास आधी असते.

त्याच्याही दोन तास आधी धक्क्यावर यायचं असा नियम मी पाळते. सगळ्यात लांबची जागा सकाळी आधी करायची आणि मग जहाजाच्या दिशेने येत यायचं. नेपल्सला आम्ही पॉम्पेई ट्रेनने स्वतः केलं, परतीची एक ट्रेन रद्द झाली आणि पुढचीला उभं राहायलाही जागा नव्हती, पण हातात दोन तास होते म्हणून धक्क्यावर पोहोचून निवांत कॉफी प्यायलो.

उतरताना बरोबर न्या: पासपोर्टचा फोटो (त्या देशात मूळ लागत असेल तर मूळ), एक कार्ड, थोडे स्थानिक पैसे, रोजची औषधं एका दिवसापेक्षा जास्त, आणि जहाजाच्या रोजच्या पत्रकात छापलेला पोर्ट एजंटचा (कंपनीचा त्या बंदरातला स्थानिक प्रतिनिधी) नंबर, तो आदल्या रात्रीच फोनमध्ये सेव्ह करा. उशीर होतोय असं वाटताक्षणी त्याला फोन करा, धक्क्यावर पोहोचून नाही. जहाज निघून गेलंच तरी त्यालाच शोधायचं, कारण बऱ्याचदा क्रू केबिनमधले पासपोर्ट काढून त्याच्याकडेच सोपवून गेलेला असतो, आणि पुढच्या पोर्टला कसं पोहोचायचं तेही तोच सांगू शकतो.