ऑनलाइन वर्गात दुसऱ्याचे साहित्य वापरताना

कॉपीराइट कायदा, १९५७ मधील कलम ५२ शिक्षकाला मोठी सवलत देते. मात्र ती ‘शैक्षणिक हेतू’ अशा सैल सबबीला नसून प्रत्यक्ष अध्यापनाला आहे. अध्यापनाच्या ओघात शिक्षकाने किंवा विद्यार्थ्याने एखाद्या कृतीची प्रत काढणे, तसेच प्रश्नपत्रिकेत अथवा उत्तरात उतारा देणे, हे उल्लंघन ठरत नाही. त्यासाठी पानांची मर्यादा सांगितलेली नाही. झेरॉक्स केलेल्या अभ्यास-संचांच्या खटल्यात दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने ९ डिसेंबर २०१६ रोजी हेच पाहिले, की जेवढे घेतले तेवढे शिकवण्यासाठी आवश्यक होते का.

प्रथम परवानगीची गरज आहे का, ते तपासावे. लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षारंभापासून साठ वर्षे हक्क टिकतो. साने गुरुजी १९५० मध्ये गेले. त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेले लेखन १ जानेवारी २०११ पासून मुक्त आहे. नव्या आवृत्तीतील प्रस्तावना, टिपा आणि चित्रे यांचा हक्क मात्र वेगळा असतो.

समजा, नववीच्या वर्गाला हयात कवीची एक कविता शिकवायची आहे. संग्रहातील ती दोनच पाने स्कॅन करावीत, माथ्यावर कवी, संग्रह, प्रकाशक व वर्ष लिहावे आणि पीडीएफ गुगल क्लासरूममध्ये, म्हणजे नोंदणी झालेले विद्यार्थीच पोचतील अशा जागी ठेवावी. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप टाळलेला बरा. तिथून फाइल कुठवर जाईल याचा नेम नाही. तासाचे रेकॉर्डिंग यूट्यूबवर ‘अनलिस्टेड’ ठेवले म्हणजे झाले, असा समज मला अनेकदा आढळतो. पण लिंक मिळालेला कोणीही ते पाहू शकतो. कायद्याने इथे सवलत दिली आहे ती प्रत काढण्याला. जनतेपर्यंत पोचवण्याचा उल्लेख त्या उपकलमात नाही, म्हणून खुल्या चॅनलवर शिक्षकाची बाजू लंगडी पडते.

चित्रपट किंवा नाटक दाखवण्याची तरतूद वेगळी आहे. तिथे प्रेक्षक म्हणजे कर्मचारी, विद्यार्थी, पालक आणि संस्थेच्या कामाशी संबंधित व्यक्ती एवढेच. सभागृहातल्या गॅदरिंगला ती चपखल बसते, परंतु तेच गॅदरिंग थेट प्रक्षेपित करायचे असेल, तर नाटककार आणि गाण्यांचे हक्कधारक यांची लेखी परवानगी आधी घ्यावी, किंवा प्रक्षेपण पालकांच्या लॉगिनपुरते ठेवावे.