तळ्यावर जायचंय? आधी पाणी किती उतरलंय ते बघा

पाऊस चांगला झाला, हिप्परग्याचा तलाव भरला की अर्धं सोलापूर गाड्या काढून बघायला जातं, भजी होतात, कणसं होतात, फोटो होतात आणि मग कुणीतरी विचारतंच, पक्षी कुठंयत ओ, एक पण दिसेना. दिसणार कसे? तळं काठोकाठ भरलं की पाणी थेट बांधाच्या दगडाला लागतं, खोल असतं, आणि बहुतेक पाणपक्ष्यांचं जेवण असतं काठाच्या चिखलात आणि घोट्याएवढ्या पाण्यात. माणसं भरलेलं तळं बघायला जातात, पक्षी उतरलेल्या तळ्यावर येतात, एवढं ध्यानात ठेवलं तरी निम्मं काम झालं.

म्हणजे कधी जायचं? दिवाळीनंतर रब्बीला पाणी उपसायला लागतात, काठ हळूहळू उघडा पडतो आणि त्याच सुमाराला उत्तरेकडनं पाहुणे पक्षी पण येतात. डिसेंबर ते मार्च बेस्ट. एप्रिल-मेमध्ये सकाळी आठ वाजताच डोकं तापतं, तेव्हा जायचंच असेल तर उजाडायच्या आत पोचा आणि नऊला घरी या, हौस म्हणून उन्हात मरू नका.

नवीन असाल तर पहिल्याच रविवारी फ्लेमिंगोच्या मागं उजनी धरणावर पळू नका. आधी हिप्परग्याला चार-पाच चकरा मारा. तुळजापूर रोडला गावापासून जवळच आहे, टू-व्हीलरवर निघालात तर गाडी तापायच्या आत पोचता. कागदोपत्री नाव एकरुख तलाव, इंग्रजांच्या काळात १८७१ साली आदिला नदीवर मातीचा बांध घालून केलेला, बांधच दोन किलोमीटरच्या वर लांब आहे. एकच काठ, एकच वेळ ठरवून परत परत जा. दर वेळी नवीन जागा धरली तर काय बदललं ते कळतच नाही, त्याच काठावर गेलं की मागच्या आठवड्यात नव्हती ती बदकं लगेच डोळ्यात भरतात. एवढं पण जमत नसेल तर विजापूर रोडचा संभाजी तलाव आहेच, कामावर जाता जाता दहा मिनिटं थांबा.

चालायची पद्धत सोपी आहे, फक्त घाई सोडायची. सकाळी सूर्य पाठीशी राहील असा काठ धरा, नाहीतर समोरचा प्रत्येक पक्षी नुसता काळा ठिपका दिसतो. लाल, पिवळा शर्ट नको, मातकट काहीतरी घाला. पक्ष्याकडं सरळ रेघेत चालत जाऊ नका, तिरकं तिरकं जा, मधी थांबा, बसा. त्यानं चरायचं सोडून मान वर काढली की समजायचं आपण जास्त जवळ आलो, तिथंच थांबायचं. दुर्बीण घ्यायची तर आठ बाय बेचाळीसची घ्या, म्हणजे आठपट मोठं दाखवणारी, पुढची काच बेचाळीस मिलिमीटरची, जास्त पॉवरवाली हातात हलते आणि डोकं दुखतं.

ओळख मराठी नावांपासून करा, लै मजेशीर नावं आहेत. काळं अंग आणि कपाळावर पांढरा टिळा तो वारकरी, पंढरपूरच्या जिल्ह्यात याच्यापेक्षा भारी नाव काय असणार? चोचीला पिवळं टोक आणि बुडाशी लाल ठिपके ते हळदीकुंकू बदक. लांब गुलाबी पायावर टुकूटुकू चालतो तो शेकाट्या. सारखी बुडी मारून भलतीकडंच वर येते ती टिबुकली. हिवाळ्यात थापट्या, तलवार बदक आणि केशरी रंगाचे चक्रवाक येतात, चक्रवाक बहुतेक जोडीनंच दिसतात. सगळी बदकं एकदम उडाली तर वर बघा, भोवत्या नाहीतर दुसरा कुठला शिकारी फिरत असतो. वर कुणी नसेल तर कारण आपणच.

एवढं डोळ्यात बसलं की मग उजनी. धरण भीमेवर, टेंभुर्णीजवळ, पण पक्षी बघायला भिंतीवर जाऊन काही उपयोग नाही, मागं फुगवट्याला जायचं, म्हणजे भिंतीनं अडवलेलं पाणी मागं पसरतं तिकडं. प्रसिद्धी सगळी भिगवणची, कुंभारगाव-डिकसळला नाववाले घेऊन जातात, ते पुणे जिल्ह्यात येतं आणि सोलापुरापासून दीडशेच्या आसपास किलोमीटर पडतं. आपल्या करमाळा तालुक्यात केत्तूर, वाशिंबे, कुगाव या बाजूनं पण तोच फुगवटा आहे आणि गर्दी कमी. निघायच्या आधी पेपरात उजनीच्या पाणीसाठ्याचा टक्का बघा. धरण एकूण साधारण ११७ टीएमसीचं, त्यातलं ६३-६४ टीएमसी तळाचा मृतसाठा, टक्का त्याच्या वरच्या पाण्याचाच मोजतात, म्हणून उन्हाळ्यात ‘उजनी मायनसमध्ये’ असं छापून येतं, धरण कोरडं पडलं असा त्याचा अर्थ नाही. टक्का शंभरच्या जवळ असला की रोहितला, म्हणजे फ्लेमिंगोला, उभं राहायला उथळ जागाच नसते, पाणी उतरायला लागलं की थवे दिसायला लागतात. पिल्लं मळकट राखाडी असतात, गुलाबी रंग नंतर खाण्यातनं येतो, त्यामुळं पांढरट-मळकट दिसले तर फसवलं म्हणू नका. पट्टकादंब हंस दिसले तर मात्र जरा वेळ थांबा, डोक्यावर दोन काळे पट्टे असतात, ते हिमालय ओलांडून आलेले असतात. नाववाल्याला आधीच सांगा की थव्यात नाव घालू नका, उडवू नका, काहीजण गिऱ्हाईक खुश व्हावं म्हणून मुद्दाम उडवतात.

आता चिखल. हा खरा धोका, पाण्यापेक्षा जास्त. वरनं वाळून भेगा पडलेल्या असतात, कडक वाटतं, आणि आत काळा गाळ लोण्यासारखा. मी एकदा एक बरा फोटो मिळावा म्हणून अजून दहा पावलं, अजून दहा पावलं करत गेलो आणि गुडघ्यापर्यंत आत, एक पाय काढला तर दुसरा जातोय, शेवटी मासे धरणाऱ्या एका मामांनी काठी पुढं केली, बाहेर आलो पण एक सँडल अजून तिथंच आहे. तेव्हापासनं हातात काठी असते. काठी टोचायची, सहज आत गेली की मागं फिरायचं. जनावरांच्या खुराच्या वाटेनं चाललेलं सगळ्यात बरं. पाणी उतरलेल्या गाळात पेरलेलं असतं, त्याला गाळपेर म्हणतात, तिथं बांधावरनं जा, ‘मामा, जाऊ का इकडनं?’ एवढं विचारलं की कुणी नाही म्हणत नाही, उलट कुठं काय दिसतंय ते पण सांगतात.

पाणी दोन लिटर, टोपी, कडक भाकरी आणि शेंगाचटणी. बूट घोटा झाकणारे, गवतात घोणस असते. प्लॅस्टिक परत आणा, काठावर अडकलेली फाटकी जाळी दिसली तर ती पण उचला, पक्ष्यांचे पाय त्यात अडकतात.

मार्चच्या पुढं पायाखाली जास्त बघा. टिटवी उघड्यावर, खड्यांतच अंडी घालते आणि ती खड्यांसारखीच दिसतात. तिनं अंडी उंचावर घातली की पाऊस जास्त असं आपल्याकडं म्हणतात, खरंखोटं पांडुरंगाला माहीत. पण ती डोक्यावर घिरट्या घालून ओरडायला लागली की कॅमेरा काढू नका, अंडी शोधू नका, आल्या पावलांच्या ठशांवरच पाय ठेवत मागं या.