पाकीट उलटं धरा: वजन उतरवताना विकतचा नाश्ता आणि खाऊ कसा निवडायचा

मला सकाळी सव्वासातची फास्ट लोकल गाठायची असते. त्यामुळे "घरचं ताजं खात जा गं" असा सल्ला कुणी दिला की मी नुसती हसते. मी डोंबिवलीत राहते, फोर्टातल्या एका ऑडिटच्या ऑफिसात काम करते, आणि आठवड्यातले चार दिवस माझा नाश्ता पाकिटातूनच निघतो. चौदा महिन्यांत ८१ किलोंवरून साडेएकाहत्तरवर आले, तेव्हाही पाकिटं सुटली नव्हती, फक्त बदलली होती.

माझे डोळे उघडले ते लेकीच्या केकसाठी आणलेल्या वजनकाट्यामुळे. तेव्हा महिनाभर मी मन लावून म्यूसली (ओट्स आणि सुक्यामेव्याचं कोरडं मिश्रण) खात होते आणि वजन जिथल्या तिथे होतं. पाकिटावर लिहिलेलं: एका सर्व्हिंगला १२० कॅलरी. सर्व्हिंग म्हणजे किती? ३० ग्रॅम. एका रविवारी माझा रोजचा वाडगा भरला आणि काट्यावर ठेवला, तर आतली म्यूसली ७८ ग्रॅम निघाली! म्हणजे ३१२ कॅलरी. वर म्हशीचं दूध पाऊण कप, त्याच्या दीडशेच्या आसपास. एकूण साडेचारशेच्या वर. त्यापेक्षा कांदेपोह्यांची बशी परवडली असती, आणि वर ओलं खोबरंही मिळालं असतं.

म्हणून पहिली खरेदी खाण्याची करूच नका, काटा घ्या. चार-पाचशे रुपयांत येतो. नेहमीच्या वाडग्यात नेहमीसारखं भरून एकदा मोजा, आपलं 'सर्व्हिंग' किती ते कळेल. रोज मोजायची गरज नाही. मी माझ्या वाडग्याला ४५ ग्रॅमची रेघ मार्करने आखून ठेवली आहे.

आता दुकानात. पाकिटाच्या पुढच्या बाजूला शेत असतं, गव्हाच्या ओंब्या असतात, दुधाची धार असते. पाकीट उलटं धरा. मागची अक्षरं मुंगीएवढी असतात, तर मोबाइलचा कॅमेरा लावून मोठी करा. सुपरमार्केटच्या रांगेत मी अशी उभी असते तेव्हा सासूबाई म्हणतात, "एवढं लक्ष देऊन सत्यनारायणाची पोथी कधी वाचली नाहीस."

आधी घटकांची यादी. ती वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावी लागते, म्हणजे जे सर्वांत जास्त ते सर्वांत आधी. आणि पाकिटावर ज्या घटकाची जाहिरात केली असेल त्याची टक्केवारीही द्यावी लागते. २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष झालं आणि नाचणीची बिस्किटं जिकडेतिकडे दिसू लागली. त्यातलं एक मी कौतुकाने उचललं. पाठीवर: मैदा ४१ टक्के, साखर, पामतेल, आणि मग नाचणी ९ टक्के. त्याला मी मैद्याचं बिस्कीटच म्हणेन, नाचणीचा फक्त हात लागला होता. ब्राउन ब्रेडचंही तसंच. पहिलं नाव मैद्याचं आणि शेवटाकडे रंग म्हणून १५० हा आकडा दिसला, तर तो तपकिरीपणा कोंड्याचा नाही, कॅरमेलचा आहे. पहिलं नाव गव्हाच्या आट्याचं असेल आणि त्यापुढची टक्केवारी घसघशीत असेल, तोच ब्रेड मी घेते.

साखर सोंगं घेऊन येते. लिक्विड ग्लुकोज, इन्व्हर्ट सिरप, डेक्स्ट्रोज, मध, गुळाची पावडर, खजुराचं सिरप. चार नावांत वाटली की प्रत्येक नाव यादीत खाली सरकतं आणि ओट्स पहिल्या नंबरावर विराजमान होतात. ऑडिटमध्ये एकच खर्च चार खात्यांत विभागलेला दिसला की आम्ही पेन्सिलीने खूण करतो, इथेही तसंच करायचं. गुळाबद्दल आपल्याकडे फार हळवेपणा आहे. पण १०० ग्रॅम साखरेत ४०० कॅलरी आणि तेवढ्याच गुळात ३८०च्या आसपास. गूळ आवडतो म्हणून खावा, बारीक व्हायला नाही.

मग पोषणमूल्यांचा तक्ता. दोन पाकिटांची तुलना १०० ग्रॅमच्या रकान्यावरूनच करायची, कारण सर्व्हिंग प्रत्येकाचं वेगळं. 'एकूण साखर' आणि 'वरून घातलेली साखर' या दोन वेगळ्या ओळी असतात. साध्या दह्यात एकूण साखर चार-पाच ग्रॅम दिसते, ती दुधाची स्वतःची. तिला घाबरू नका, दुसरी ओळ बघा. आणि शेजारी जे 'दिवसाच्या गरजेच्या इतके टक्के' असतं ते २००० कॅलरी, ५० ग्रॅम वरची साखर आणि २००० मिलिग्रॅम सोडियम धरून काढलेलं असतं. माझा दिवस १५०० कॅलरींचा आहे, त्यामुळे ते टक्के मला सौम्यच वाटतात.

सकाळच्या कोरड्या पाकिटांसाठी माझे आकडे असे: १०० ग्रॅमला वरची साखर १०च्या आत, तंतू ६ ग्रॅमच्या वर ('हाय फायबर' म्हणायला नियमानेही तेवढे लागतात), प्रथिनं १०च्या वर. हे तीनही जमलं तर मी ऑफिसात पोचल्यावर खाते आणि दीडपर्यंत भूक लागत नाही. कॉर्नफ्लेक्सना हे जमत नाही. त्यात चरबी कमी असते, पण तंतू आणि प्रथिनंही कमीच, आणि मला अकरा वाजता पुन्हा डबा उघडावासा वाटतो.

एवढं सगळं पाहून घेतलेलं पाकीट बहुतेक वेळा बेचव निघतं. माझ्या कपाटात अशी गुणी पाकिटं महिनोन्‌महिने पडून होती. बिनसाखरेची म्यूसली म्हणजे भिजवलेला भुसा. चौथ्या दिवशी तिच्याकडे बघवत नाही आणि पाचव्या दिवशी स्टेशनबाहेरचा वडापाव जिंकतो. सगळे गुण एकाच पाकिटात शोधणं मी सोडून दिलं. आता दोन घेते, एक आवडीचं आणि एक गुणी, आणि एका डब्यात मिसळते.

म्यूसलीचं प्रमाण: एक भाग बेदाणे-बदामवाली गोड, दोन भाग साधे रोल्ड ओट्स. ओट्स कढईत कोरडेच पाच-सात मिनिटं मंद आचेवर भाजायचे, खमंग वास सुटला की उतरवायचे. वर मूठभर भाजलेले जवस. गोड म्यूसलीत १०० ग्रॅमला १८ ग्रॅम साखर असेल तर मिश्रणात ती ६वर येते, आणि बेदाणा दर दोन-तीन घासांना भेटतो. भुसा वाटत नाही, शब्दावर विश्वास ठेवा. दूध मी आता टोन्ड घेते.

मसाला ओट्सना हीच युक्ती. त्यांची अडचण साखर नाही, मीठ. मी पाहिलेल्या ४० ग्रॅमच्या एका पुडीत ४०० मिलिग्रॅम सोडियम होतं, म्हणजे दिवसाच्या मर्यादेचा पाचवा हिस्सा एका वाटीत. सोडियमला अडीचने गुणलं की मिठाचा आकडा येतो, इथे एक ग्रॅम. अर्धी पुडी, तेवढेच साधे ओट्स, मटार, गाजर, वरून लिंबू. मसाला दोघांना पुरतो, कारण तो मुळात जास्तच असतो. ऑफिसच्या मायक्रोवेव्हमध्ये तीन मिनिटांत होतं.

इन्स्टंट उपमा आणि कपातले पोहे अडल्यावेळी ठीक. त्यात प्रथिनं फारशी नसतात, म्हणून सोबत उकडलेलं अंडं किंवा साधं दही. फळांच्या चवीचं दही मात्र बंद. छोट्या कपात दोन चमचे साखर आणि फळाचं नाव तेवढं. साध्या दह्यात अर्धं केळं कुस्करलं तर काम होतं.

आपल्या मातीतल्या पाकिटांना कुणी 'हेल्दी' म्हणत नाही, म्हणून ती स्वस्त राहिली आहेत. बचत गटाच्या स्टॉलवरची थालीपीठ भाजणी, मोड आलेल्या नाचणीचं पीठ, मेतकूट, फुटाणे. यातल्या बऱ्याच पुड्यांवर तक्ता नसतो. विकणाऱ्या बाईंनाच विचारा, त्या सगळं सांगतात, भाजणीत धणे किती इथपर्यंत. नाचणीच्या पिठात साखर किंवा दूधपावडर मिसळली आहे का, एवढं नक्की विचारा. सत्तूचं, म्हणजे भाजलेल्या हरभऱ्याचं, पीठ उत्तरेकडचं, पण आता आपल्या दुकानांतही मिळतं. दोन मोठे चमचे सत्तू, ताक, जिरेपूड, चिमूट काळं मीठ, बाटलीत घालून हलवायचं. गाडीत गर्दी वाढायच्या आत माझं पिऊन झालेलं असतं.

आता खाऊ. चार वाजता मला काहीतरी लागतंच, आणि ते मान्य केल्यापासून वजन उतरायला लागलं.

'डाएट चिवडा' या नावाने जे विकतात त्याची चरबीची ओळ बघा. माझ्या हाती आलेल्या एका पाकिटात १०० ग्रॅमला २८ ग्रॅम होती. यात डाएट कोण करत होतं, देव जाणे. 'भाजलेलं' लिहिलेल्या मखाण्यांतही १७ ग्रॅम सापडली, मखाण्याची स्वतःची चरबी नगण्य असूनही. म्हणजे ती तेलाची. चिवडा सोडवत नसेल तर एका मुठीत तीन मुठी कुरमुरे आणि थोडे फुटाणे मिसळा. चिवड्याचा मसाला कुरमुऱ्यांना लागतो, शेंगदाणा अधूनमधून लागतो, आणि वाडगा भरलेला दिसतो. डोळ्यांचंही पोट भरावं लागतं.

खाकरा चांगला, पण वेगवेगळ्या कंपन्यांच्या तेलात मोठा फरक असतो, आणि एक खाल्ला की दुसरा खाल्लाच जातो. दोन काढून पाकीट आतल्या खोलीत ठेवायचं.

शेंगदाण्याच्या चिक्कीत १०० ग्रॅमला ५००च्या आसपास कॅलरी असतात. लोणावळ्याहून कुणी आणली की मी एक वडी घेते, पंचवीसेक ग्रॅमची, म्हणजे सव्वाशे कॅलरी, आणि खाते. रोजच्यासाठी राजगिऱ्याचा छोटा लाडू. तो दिसतो मोठा आणि वजनाला असतो बारा-पंधरा ग्रॅम, पन्नास-साठ कॅलरींत भागतं.

श्रीखंड हा माझा दुबळा कोपरा. विकतच्या डब्यात निम्म्याच्या जवळपास साखरच असते. आमच्या डेअरीत साधा चक्का मिळतो. आम्रखंडाचा लहान डबा आणि तेवढाच चक्का एकत्र फेटायचा, वर वेलची आणि जायफळ. गोडी निम्म्यावर येते, प्रथिनं वाढतात. गुढीपाडव्याला मी पाहुण्यांना न सांगता हेच वाढलं. सासूबाईंनी दुसऱ्यांदा मागून घेतलं आणि "या वेळचं आंबट नाही फार" एवढाच शेरा मारला.

आइस्क्रीम घेताना 'फ्रोझन डेझर्ट' लिहिलं आहे का बघा. त्यात दुधाच्या चरबीऐवजी वनस्पती तेलाची असते, आणि कॅलरी काही कमी नसतात. खायचंच तर कुल्फीची छोटी कांडी, कारण तिला काडीपाशी शेवट आहे. फॅमिली पॅकला नाही. डार्क चॉकलेटच्या यादीत पहिलं नाव साखरेचं असेल तर परत ठेवा.

राहिलं शुगर-फ्री. मागच्या दिवाळीत ऑफिसात शुगर-फ्री काजूकतलीचा डबा आला. फुकटचं आणि बिनसाखरेचं, म्हणून मी सहा तुकडे खाल्ले. घाटकोपर गेलं तसं पोट बोलायला लागलं, आणि ठाण्याला उतरून मी प्लॅटफॉर्मवर स्वच्छतागृह शोधत धावले. घरी आल्यावर डबा वाचला: माल्टिटॉल (साखरेऐवजी घालतात तो पॉलिऑल जातीचा गोडवा), आणि खाली बारीक अक्षरांत, पॉलिऑल्समुळे जुलाब होऊ शकतात. शिवाय काजू आहेतच, आणि माल्टिटॉललाही साखरेच्या निम्म्या कॅलरी असतात. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०२३मध्ये सांगितलं की वजन आटोक्यात ठेवण्यासाठी साखरेऐवजी बिनसाखरेचे गोडवे वापरू नयेत. त्यांच्या सल्ल्यात माल्टिटॉलसारखी पॉलिऑल्स येत नाहीत, पण माझ्या पोटाने तो सल्ला आधीच दिला होता. मधुमेहाची औषधं चालू असतील तर हा भाग डॉक्टरांना विचारूनच ठरवा, माझ्या सहा तुकड्यांवरून नाही.

शेवटी खरेदीचं. नवीन काही आणायचं तर सर्वांत लहान पाकीट आणायचं, किलोवर सूट असली तरी. चार दिवस खाऊन बघायचं, पाचव्या दिवशी हात आपणहून गेला तरच मोठं आणायचं. पोट रिकामं असताना दुकानात जायचं नाही. माझी यादी फ्रिजवर चिकटवलेली आहे, सध्या तिच्यावर सात नावं आहेत. आठवं म्हणून ज्वारीच्या लाह्या लिहिल्या आहेत, पुढे प्रश्नचिन्ह आहे. आज त्यांचा तिसरा दिवस.