रेस दिली तरी गाडी उचलत नाही? पिकअपवाल्यांनो, या चुका टाळा

पिकअपची रेस मध्येच मरायला लागली की बरेच मालक ‘थोडा त्रास देते, पण चालतेय’ म्हणून सोडून देतात. गाडी कायमचीच संथ असेल तर ड्रायव्हर तेवढं अंतर धरून चालवतो. पण जी गाडी दहा वेळा उचलते आणि अकराव्या वेळी उचलत नाही, तिच्या भरवशावर हायवेला घुसणं जिवावरचं आहे. वाशीच्या खाडीपुलावर किंवा घोडबंदरला गायमुखच्या चढावर मागून कंटेनर येत असतो, आणि दीड टन माल भरलेल्या गाडीला बाजूला व्हायलाही वेळ मिळत नाही. म्हणून हे दुखणं पुढच्या सर्व्हिसिंगपर्यंत ढकलू नका.

बॅटरीची तार काढून लाइट घालवू नका

सगळ्यात जास्त नुकसान ही सवय करते. चेक इंजिनचा लाइट लागतो, गाडी ओढ सोडते, कोणीतरी बॅटरीचं टर्मिनल काढून पुन्हा लावतो, गाडी पहिल्यासारखी पळते आणि भाडं पूर्ण होतं. पण त्यात ईसीएमने, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरने, साठवलेला बिघाडाचा कोड अनेकदा पुसला जातो, आणि बिघाड झाला त्या क्षणी आरपीएम किती होते, लोड किती होता, इंजिन किती तापलं होतं, ही नोंदही जाते. नेमकी तीच नोंद मेकॅनिकला हवी असते.

कॉमन रेल डिझेलमध्ये, म्हणजे एकाच जास्त दाबाच्या पाइपमधून (रेल) सगळ्या इंजेक्टरना डिझेल जातं त्या इंजिनात, पेडल आणि पंप यांच्यामध्ये तार नसते. पेडल फक्त मागणी कळवतं. डिझेल किती सोडायचं ते ईसीएम ठरवतं. काही बिनसलेलं दिसलं की ईसीएम स्वतःहून ताकद कापतं, त्याला लिम्प मोड म्हणतात. कधी कधी चावी बंद करून पुन्हा चालू केल्यावर गाडी सुधारते, पण बिघाड तिथेच असतो. आधी स्कॅनर लावा आणि कोडचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. पी०२९९ म्हणजे टर्बोचा (इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा) दाब कमी, पी००८७ म्हणजे रेलमध्ये डिझेलचा दाब कमी, पी२१३८ म्हणजे पेडलच्या दोन सेन्सरचं आपसात जुळत नाही.

कोडइतकाच महत्त्वाचा तुमच्या ड्रायव्हरचा जबाब. सकाळी थंड असताना होतं की तापल्यावर? रिकाम्या गाडीतही होतं की फक्त लोडवर? चढावरच का? पावसात वाढतं का? टाकी अर्ध्याखाली गेल्यावर होतं का? ड्रायव्हरला हे विचारल्याशिवाय पंप उघडायला देऊ नका.

‘इंजेक्टर गेलेत’ हे ऐकून लगेच हो म्हणू नका

इंजेक्टर आणि पंप महाग असतात, म्हणून त्यांच्याकडे शेवटी वळायचं. त्याआधीच्या गोष्टी बहुतेक स्वस्त आहेत.

पहिला डिझेल फिल्टर. टाकीत पाचशे-हजाराचंच डिझेल टाकून रिझर्व्हवर गाडी फिरवायची सवय मुंबईत सर्रास आहे. तळाचा गाळ आणि पाणी त्यामुळे थेट फिल्टरकडे जातं, शिवाय चढावर डिझेल मागे सरकलं की लाइन हवा ओढते. फिल्टरखालचा पाण्याचा नळ पावसाळ्यात तरी वारंवार सोडा, आणि पाण्याचा दिवा लागला तर त्याच दिवशी. फिल्टर बदलल्यावर हातपंपाने नीट प्राइम करा, म्हणजे लाइनमधली हवा काढा. हवा राहिली तरी लक्षणं तीच दिसतात.

दुसरे टर्बो आणि इंटरकूलरचे (टर्बोची हवा थंड करणारी जाळी) रबरी होज. क्लॅम्प ढिला असेल किंवा होजला आतून चीर असेल, तर उभ्या गाडीत रेस देऊन काहीच कळत नाही, लोडवर दाब वाढला की ती चीर उघडते. काळा धूर, जास्तीची शिट्टी आणि होजच्या जोडाभोवती तेलाचा ओलावा ही त्याची खूण. वेस्टगेटला (टर्बोचा दाब आवरणारी झडप) जाणारी बारीक व्हॅक्यूम नळीही तपासा.

तिसरं पेडल. बहुतेक गाड्यांत त्यात दोन सेन्सर असतात आणि ईसीएम त्यांची सतत तुलना करतं. पायाखालचं पाणी आणि चिखल कप्लरमध्ये (वायरच्या जोडात) गेला की तुलना चुकते आणि गाडी रेस घेणं थांबवते. जाडजूड मॅट पेडलखाली अडकलेलीही मी पाहिली आहे.

आरपीएम चढतात पण वेग वाढत नाही, असं असेल तर तो क्लच आहे. इंजिनाला हात लावू नका.

एक सूचना कळकळीने करतो. जुन्या इंजिनात चालू गाडीवर इंजेक्टरच्या पाइपचा नट ढिला करून कोणता सिलिंडर मिस मारतोय ते पाहायची पद्धत होती. कॉमन रेलवर ती कोणालाही करू देऊ नका. तिथे दाब हजार बारच्याही वर जातो. त्या धारेने डिझेल कातडीतून आत शिरतं आणि हात गमवायची वेळ येते. गळती शोधायला पाइपवर बोटं फिरवणंही तितकंच धोक्याचं.

डीपीएफ काढून टाकणं हा इलाज नव्हे

१ एप्रिल २०२० पासून बीएस६ हे धुराचं नवं मानक आलं आणि अनेक डिझेल गाड्यांत काजळी अडवणारा डीपीएफ आला. ती काजळी जाळायला सायलेन्सरमध्ये साधारण ६०० अंश तापमान लागतं. सायन ते कुर्ला रांगेत सरकणाऱ्या, दर दहा मिनिटांनी बंद होणाऱ्या गाडीत ते मिळतच नाही. डीपीएफ भरत जातो, ओढ कमी होते, शेवटी लिम्प मोड. डीपीएफचा दिवा लागल्या लागल्या रात्रीच्या मोकळ्या वेळेत पूर्व द्रुतगती मार्गावर वीसेक मिनिटं एकसारखी चालवली, मध्ये बंद केली नाही, तर बहुधा निभावतं. ताकद कापली गेली असेल तर वर्कशॉपमध्येच रीजनरेशन, म्हणजे काजळी जाळणं, करून घ्या. त्या काळात सायलेन्सर भयंकर तापतो, म्हणून मार्केटात पेंढा आणि पुठ्ठे पडलेले असतात तिथे गाडी उभी करू नका. आणि इंजिन ऑइल लो-ॲश, म्हणजे कमी राखेचंच घाला. चुकीच्या तेलाची राख जळत नाही, डीपीएफमध्येच साचते.

‘ईजीआर बंद करून देतो, डीपीएफ रिकामा करून देतो’ म्हणणारे भेटतील. (ईजीआर म्हणजे थोडा धूर पुन्हा इंजिनात सोडणारी झडप.) असा बदल बेकायदा आहे. त्या धुरात तुमचा ड्रायव्हर आणि हमाल दिवसभर उभे असतात, हा माझा त्याहून मोठा आक्षेप आहे.

पाऊस आणि खारा वारा

मिलन सबवे किंवा हिंदमाताजवळ तुंबलेल्या पाण्यातून गाडी काढली असेल, तर एअर फिल्टर उघडून पाहा. ओला कागद हवा अडवतो. पाण्यात बंद पडलेल्या गाडीला मात्र सेल्फ मारू नका; सिलिंडरमध्ये पाणी असेल तर कनेक्टिंग रॉड वाकतो. किनाऱ्याजवळच्या गाड्यांत इंजिनची अर्थिंगची पट्टी गंजते आणि सेन्सर खोटे आकडे देऊ लागतात. ती घासून घट्ट करायला फारसा खर्च येत नाही.

चालत्या गाडीत ओढ गेली तर

हॅझर्ड लाइट लावा, आहे त्या वेगाच्या जोरावर डावीकडे या. गाडी हलती असताना चावी बंद करू नका: पॉवर स्टिअरिंग जड होतं आणि ब्रेकची व्हॅक्यूमची मदत दोन-तीन दाबांत संपते. रेस पुन्हा पुन्हा आपटू नका, कारण ती एकदम आली तर पुढच्या गाडीवर जाल. थांबल्यावर मागे त्रिकोण ठेवा आणि माणसांना रस्त्याच्या बाजूला उभं करा.

दुरुस्ती झाली की गॅरेजसमोर रिकाम्या गाडीची रेस ऐकून पैसे देऊ नका. माल भरून, स्कॅनर लावून, चढावर एक फेरी मारायला सांगा. रेलचा दाब आणि टर्बोचा दाब, दोन्हींचे ईसीएमने मागितलेले आणि प्रत्यक्ष मिळालेले आकडे स्क्रीनवर जवळजवळ चालले, तरच गाडी ताब्यात घ्या.