निकोटिन गम चघळायचा कसा?

सिगरेट सोडण्यासाठी घेतात तो निकोटिन गम साध्या च्युइंगगमसारखा सतत चघळला की हमखास फसतो. निकोटिन लाळेबरोबर पोटात जातं, मग उचक्या लागतात, मळमळतं, आणि तलफ आहे तिथेच राहते. ते गालाच्या आतल्या अस्तरातून रक्तात उतरायला हवं.

म्हणून गमची गोळी सावकाश चावा. जिभेला मिरमिरलं, तिखटसर चव आली की थांबा आणि ती गाल व हिरडीच्या मध्ये दाबून ठेवा. मिनिटभराने मिरमिर ओसरली की पुन्हा दोन-चार वेळा चावून दुसऱ्या गालात. असं साधारण ३० मिनिटं.

उठल्यावर अर्ध्या तासाच्या आत पहिली सिगरेट लागत असेल तर ४ मिलिग्रॅम, नाहीतर २. पहिले ६ आठवडे दर एक-दोन तासांनी एक घ्या, तलफेची वाट पाहू नका. नंतर अंतर वाढवत १२ आठवड्यांत बंद करा. दिवसाला २४ च्या वर नाही.

कॉफी, कोला, फळांचा रस गमच्या १५ मिनिटं आधीपासून टाळा. तोंडात आम्लता असली की निकोटिन शोषलंच जात नाही, आणि बिचाऱ्या गमला उगाच दोष मिळतो. हृदयविकार किंवा गर्भारपण असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.