हेबियस फेटाळली गेल्यावर: अपिलाआधी काय काय हाताशी हवं

अमेरिकेतल्या एखाद्या राज्याच्या तुरुंगात तुमचा माणूस आहे आणि त्याची हेबियस याचिका, म्हणजे ही कैद घटनेविरुद्ध आहे असं सांगणारी याचिका, फेडरल जिल्हा न्यायालयाने फेटाळली आहे, असं धरून लिहितोय. आपल्याकडची देहोपस्थिती याचिका मात्र डोळ्यांपुढे ठेवू नका. मुंबई उच्च न्यायालयात ती बहुतेक वेळा बेकायदा ताब्याविरुद्ध येते. अमेरिकेतल्या या याचिकेत शिक्षा झालेली असते, राज्यातली अपिलं संपलेली असतात आणि तरीही खटल्यात घटनेचा भंग झाला, असं म्हणायचं असतं.

आधी अपिलाची तारीख. निकाल कोर्टाच्या नोंदीत चढला त्याच्या दुसऱ्या दिवसापासून 30 दिवस मोजा. शनिवार-रविवारही मोजा, फक्त शेवटचा दिवस सुटीचा निघाला तर पुढचा कामाचा दिवस मिळतो. निकालाचा लिफाफा बराकीत आठ दिवसांनी पोचला, तर ते आठ दिवस गेलेच. न्यायाधीशांनी स्वतः जास्त मुदत दिली असली तरी नियमाशी ताडून बघा. ओहायोतल्या कीथ बोल्सची गोष्ट यासाठीच लक्षात ठेवायची. त्याची अपिलाची मुदत पुन्हा उघडताना 14 दिवसच देता येत होते, न्यायाधीशांनी 17 दिले. त्यांनी सांगितलेल्या तारखेच्या आदल्या दिवशी, म्हणजे 26 फेब्रुवारी 2004 ला, त्याची नोटीस दाखल झाली. 2007 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 5 विरुद्ध 4 मतांनी सांगितलं, उशीर झाला. चूक न्यायाधीशांची, फटका कैद्याला.

अपिलाची नोटीस एका पानाची असते: कोण अपील करतोय, कुठल्या तारखेच्या निकालावर, कुठल्या सर्किटकडे (म्हणजे वरच्या फेडरल अपील न्यायालयाकडे). ती जिल्हा न्यायालयातच द्यायची. कैद्याने तुरुंगाच्या टपालात शेवटच्या दिवसापर्यंत टाकली तरी ती वेळेत धरतात. 1988 च्या ह्यूस्टन विरुद्ध लॅक निकालापासूनची ही सोय. पण कोर्टाच्या टपालासाठी तुरुंगात वेगळी व्यवस्था असेल तर तीच वापरावी लागते. सोबत कोणत्या दिवशी टाकलं आणि तिकिटं लावली होती, हे खोट्या साक्षीच्या शिक्षेची जाणीव ठेवून लिहून सही करायची. टपालाच्या वहीत नोंद करवून घ्या. झेरॉक्स मिळत नसेल तर सरळ हाताने नक्कल काढा. निकाल बदलून मागायचा अर्ज 28 दिवसांत दिला तर अपिलाची मुदत त्याच्या निकालापासून धरतात. हे 28 दिवस मात्र कोणीच वाढवून देऊ शकत नाही.

आता खरी मेहनत. 1996 च्या कायद्यामुळे अपील करण्याच्या योग्यतेचं प्रमाणपत्र नसेल तर सर्किट कोर्ट मूळ वादाला हातच लावत नाही. जिल्हा न्यायाधीश याचिका फेटाळतानाच ते देतात किंवा नाकारतात, म्हणून निकालाचा शेवटचा परिच्छेद आधी वाचा. नाकारलं असेल तर सर्किटकडे मागता येतं. इथे बहुतेक जण तीच जुनी याचिका पुन्हा उतरवून काढतात आणि मार खातात. आपण जिंकू, हे दाखवायचंच नसतं. समंजस न्यायाधीशांत या मुद्द्यावर मतभेद होऊ शकतो, एवढंच दाखवायचं असतं. याचिका मुदतीबाहेर किंवा अशाच तांत्रिक कारणावरून गेली असेल तर दोन पायऱ्या: तांत्रिक कारण वादाचं आहे, आणि मूळ घटनात्मक तक्रारही वादाची आहे. दुसरी पायरी लिहायची राहते, ती राहू देऊ नका. दहा मुद्द्यांऐवजी दोन-तीन घ्या. प्रत्येकाखाली निकालातलं पान, खटल्याच्या नोंदीतलं पान आणि त्याच मुद्द्यावर दुसऱ्या कोर्टात उलट लागलेला एखादा निकाल असला की पुरे.

फी 605 डॉलर. खालच्या कोर्टात गरीब म्हणून माफी मिळाली असेल आणि न्यायाधीशांनी ती काढून घेतली नसेल तर बहुधा तीच पुढे चालते. नाहीतर उत्पन्नाचं प्रतिज्ञापत्र आणि तुरुंगातल्या खात्याचा उतारा लागतो. हा उतारा आजच मागा, कचेरी तो सवडीने देते. वकील हक्काने मिळत नाही, मागता मात्र येतो.

माणसाची बदली दुसऱ्या तुरुंगात झाली तर नवा पत्ता दोन्ही कोर्टांना त्याच दिवशी कळवा. घरी एका फाइलीत निकाल, नोटिशीची नक्कल आणि लिफाफ्यावरच्या टपालाच्या शिक्क्याचा फोटो ठेवा.